मसल कारचा मूळ अवतार शोधताना: कोणता पुरावा नेमकं काय सांगतो

मसल कार म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातली ताकदवान इंजिनाची अमेरिकन गाडी. शेव्हरोलेची १९७० ची शेव्हेल एसएस (सुपर स्पोर्ट) ४५४ घ्या (असे आकडे इंजिनाचा आकार घनइंचांत सांगतात), नाहीतर त्याच वर्षीची व्ही८ इंजिनाची साधी मालिबू कूपे घ्या. दोन्हींचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, १३६३७ नेच सुरू होतो. त्या वर्षी एसएस हे वेगळं मॉडेल नव्हतं. ऑर्डर फॉर्मवर खूण करून घ्यायचं ते पॅकेज होतं, आणि पॅकेज व्हीआयएनमध्ये उमटत नाही. उलट १९६६ ते १९६८ च्या एसएस ३९६ ला १३८ ही स्वतंत्र मालिका होती, त्यामुळे तिथे पहिल्या तीन आकड्यांतच निकाल लागतो. म्हणून शोध सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की करायची: या कंपनीने या वर्षी काय कुठे नोंदवलं, आणि त्यातलं आज काय शिल्लक आहे.

सगळ्यात सोपं काम फोर्डचं. १९६७ पासून पुढच्या गाड्यांची कारखान्याची नोंद मार्टी ऑटो वर्क्सकडे आहे. व्हीआयएन दिला की तीन प्रकारच्या अहवालांपैकी हवा तो मिळतो. त्यात मूळ रंग, इंजिन, गिअरबॉक्स आणि ऑप्शन असतात. वरच्या दर्जाचा अहवाल घेतला तर ऑर्डरच्या व बांधणीच्या तारखा आणि डीलरही कळतो. शिवाय फोर्डच्या व्हीआयएनमध्ये इंजिन असतंच. ९एफ०२आर म्हणजे १९६९ साल, डिअरबॉर्न कारखाना, फास्टबॅक मस्टँग आणि रॅम एअरसह (बाहेरची हवा थेट इंजिनात घेणारी व्यवस्था) ४२८ कोब्रा जेट. शेवटी आर ऐवजी क्यू असेल, तर इंजिन तेच, पण रॅम एअर नाही. १९६६ आणि त्याआधीच्या गाड्यांना हा अहवाल नाही. तिथे दारावरच्या पट्टीवर भागवावं लागतं, आणि त्या पट्टीवर बॉडी, रंग, सीटकव्हर, तारीख, विक्री विभाग, अ‍ॅक्सल आणि गिअरबॉक्स एवढंच असतं.

एक गोष्ट मात्र विसरू नका. त्या व्हीआयएनची गाडी कशी बनली होती, हे अहवाल सांगतो. समोर उभी आहे ती तीच गाडी का, हे तो सांगत नाही. चांगला अहवाल आणि दुसऱ्याच गाडीचं शरीर, अशी जोडी बाजारात येते.

पाँटिअॅकसाठी पीएचएस, म्हणजे पाँटिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस. व्हीआयएन पाठवला की १९६१ पासूनच्या गाड्यांच्या मूळ बिलाची किंवा बिलिंग कार्डाची प्रत मिळते. जीटीओ या पाँटिअॅकच्या मसल कारसाठी ती लागतेच. १९६६ ते १९७१ मध्ये जीटीओला २४२ ही स्वतःची मालिका होती, पण १९६४ आणि १९६५ मध्ये ती ऑप्शन होती. १९६९ च्या जज (जीटीओवरचं खास पॅकेज) हार्डटॉपचा व्हीआयएन तर इतर कुठल्याही जीटीओ हार्डटॉपसारखाच आहे. बिलावर डब्ल्यूटी१ हा कोड दिसला तरच जज. स्टिकर आणि मागचा स्पॉयलर कुणीही बसवू शकतो. त्या वर्षी ६,८३३ जज बनल्या, आणि त्यात कन्व्हर्टिबल फक्त १०८. खोट्या जज बनवण्याचा मोह का होतो, ते या आकड्यावरूनच कळतं.

क्रायस्लरच्या कंपनी संग्रहात बांधणीची कार्डं १९६७ पर्यंतचीच आहेत. ज्या वर्षांना सगळ्यात जास्त भाव येतो, नेमकी तीच वर्षं राहून गेली. तिथे फेंडर टॅग (कोड ठोकलेली धातूची पट्टी) आणि ब्रॉडकास्ट शीट (गाडीत काय बसवायचं ते कामगारांना सांगणारा कारखान्याचा कागद) यांवर सगळी भिस्त. व्हीआयएनमधला पाचवा वर्ण इंजिन सांगतो. बीएस२३आर०बी म्हणजे क्रायस्लरच्या प्लिमथची कुडा हार्डटॉप, ४२६ हेमी, १९७०, हॅमट्रॅमक कारखाना. आर च्या जागी व्ही असेल तर तीन कार्ब्युरेटरवालं ४४०.

फेंडर टॅग डाव्या फेंडरच्या आतल्या बाजूला असतो. तो खालच्या ओळीपासून वर वाचायचा. १९७० च्या टॅगवर तळाला इंजिन, गिअरबॉक्स आणि व्हीआयएन असतात: ई७४ म्हणजे हेमी, डी२१ म्हणजे चार गिअर, डी३२ म्हणजे ऑटोमॅटिक. त्यावरच्या ओळीत रंग, सीट, बांधणीची ठरलेली तारीख आणि ऑर्डर क्रमांक. तारखेत ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबरला ए, बी, सी. म्हणजे सी१५ म्हणजे १५ डिसेंबर, आणि १९७० च्या मॉडेलसाठी ते १९६९ चं कॅलेंडर. वरच्या ओळींत ऑप्शन अक्षरक्रमाने. एन९६ ही बॉनेटवरून थेट हवा घेणारी व्यवस्था, ए३४ हा ४.१० चा डेना अ‍ॅक्सल असलेला सुपर ट्रॅक पॅक. ऑप्शन फार असले तर दुसरा टॅग लावलेला असतो.

टॅग दोन स्क्रूंवर असतो आणि हुबेहूब नवा बनवून मिळतो, म्हणून एकट्या टॅगवर विश्वास ठेवायचा नाही. व्हीआयएनचे शेवटचे आठ वर्ण बॉडीवर ठोकलेले असतात. रेडिएटरच्या आधारपट्टीवर, आणि काऊलवर (पुढच्या काचेखालचा पत्रा) किंवा डिकीच्या कडेला शोधा. ब्लॉक आणि गिअरबॉक्सवरही पाहा. ब्रॉडकास्ट शीट मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये, पुढच्या सीटखाली, गालिच्याखाली किंवा ग्लव्हबॉक्सच्या वर अडकलेली सापडते. कामगारांच्या हातून शेजारच्या गाडीची शीट या गाडीत जाणं सर्रास होतं. एकाच गाडीत दोन-तीन वेगवेगळ्या शीट सापडल्या तर घाबरू नका, त्यांवरचे व्हीआयएन जुळवा. जीएमच्या (जनरल मोटर्स, शेव्हरोले आणि पाँटिअॅकची मूळ कंपनी) गाड्यांत अशी शीट पेट्रोल टाकीच्या वरच्या बाजूलाही असते. ती गंजाला चिकटलेली असते, ओढली की चुरा होतो. आधी जागेवरच फोटो काढा, मगच सोडवायला घ्या.

शेव्हरोलेवर मात्र वेळ द्यावा लागतो. अमेरिकेत बनलेल्या आणि तिथेच विकलेल्या त्या काळच्या शेव्हरोलेची गाडीनिहाय ऑप्शन नोंद कुणाकडून मागवून मिळत नाही. अपवाद कॅनडाचा: कॅनडात बनलेली किंवा विकलेली गाडी असेल, तर जीएम कॅनडाच्या जुन्या गाड्यांच्या विभागातून कागद मिळतात. एनसीआरएस (नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी) या संस्थेच्या अहवालात गाडी कोणत्या डीलरकडे रवाना झाली ते असतं, ऑप्शन नसतात. मग उरतो गाडीत आणि मालकाकडे सापडणारा पुरावा.

त्यातली एक म्हणजे प्रोटेक्ट-ओ-प्लेट, १९६५ ते १९७२ पर्यंतच्या वॉरंटी पुस्तिकेतली धातूची छोटी पट्टी. तिच्यावर व्हीआयएनसोबत इंजिन, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सलचे कोड असतात. खोट्या पट्ट्याही फिरतात. म्हणून पुस्तिकेचा जुनाटपणा, पहिल्या मालकाची नोंद आणि पट्टीवरचे कोड यांचा मेळ लागतो का ते पाहायचं. काऊलवरचा ट्रिम टॅग फिशर बॉडीचा, म्हणजे जीएमच्या बॉडी बनवणाऱ्या विभागाचा असतो. त्यावर रंग, सीट आणि ०३बी सारखी तारीख असते, म्हणजे मार्चचा दुसरा आठवडा. १९६९ च्या नॉरवूड कारखान्यातल्या कॅमॅरोवर डिसेंबर १९६८ पासून एक्सचे कोड येतात: एक्स३३ आणि एक्स७७ म्हणजे झेड२८, कॅमॅरोचं वेगवान रूप. व्हॅन नाइस या दुसऱ्या कारखान्याच्या गाडीवर हा कोड नसतो. तिथे एक्स नाही म्हणून झेड२८ नाही, असं म्हणता येत नाही, आणि तिथे एक्स दिसलाच तर टॅग संशयास्पद.

आता इंजिन. शेव्हरोलेचा शिक्का उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे, ब्लॉकच्या सपाट पॅडवर असतो. व्ही०३१०डीझेड म्हणजे फ्लिंट, १० मार्च, १९६९ च्या झेड२८ चं ३०२. शेजारी १९एन६ ने सुरू होणारा व्हीआयएनचा तुकडा. पहिला शिक्का इंजिनाच्या कारखान्यात पडला, दुसरा गाडी जोडताना. दोन्हींची अक्षरं एकाच साच्याची, एकाच रेषेत आणि एकाच खोलीची असतील तर ती कुणीतरी एका बैठकीत मारली आहेत. पॅडवर कारखान्यातल्या यंत्राच्या बारीक समांतर रेषा दिसल्या पाहिजेत. ब्लॉक घासून पुन्हा शिक्के मारले की त्या जातात. पॅड फक्त सॉल्व्हंट आणि कापडाने पुसा, पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश लावू नका, नाहीतर खरा पुरावाही तुम्हीच पुसून टाकाल. फोटो काढताना टॉर्च बाजूने, अगदी आडवा धरा. सीई ने सुरू होणारा शिक्का असेल तर तो वॉरंटीत बदलून दिलेला ब्लॉक आहे. त्यात लबाडी नाही, पण मूळ इंजिन म्हणून त्याचे पैसे देऊ नका.

तारखांचा क्रम नेहमी एकच: आधी ब्लॉकची ओतणी, मग इंजिनाची जोडणी, मग गाडी. स्मॉल ब्लॉकच्या मागच्या कडेजवळ सी १२ ९ असेल तर १२ मार्च (इथे ए म्हणजे जानेवारी, म्हणून सी म्हणजे मार्च), आणि साल ९ ने संपणारं. इथेच फसगत होते. ३९७००१० हा ब्लॉक १९६९ मध्येही होता आणि सत्तरच्या दशकातही चालू राहिला. त्यामुळे शेवटचा ९ हा १९७९ चाही असू शकतो. १९६९ ची कॅमॅरो नोव्हेंबर १९६९ पर्यंत बनत होती, त्यामुळे त्या मॉडेलवर ऑगस्ट-सप्टेंबरच्या तारखा दिसल्या तर त्या चुकीच्या धरू नका. गाडीच्या तारखेनंतरचं इंजिन मात्र कुठल्याच हिशेबाने मूळ नाही.

उत्पादनाचे आकडे शेवटी, कारण त्यांचाच सगळ्यात जास्त गैरवापर होतो. १९६९ मध्ये २,४३,०८५ कॅमॅरो बनल्या, त्यात २०,३०२ झेड२८, आणि झेडएल१ (अ‍ॅल्युमिनियमच्या ४२७ इंजिनाची कॅमॅरो) फक्त ६९. हे एकेका ऑप्शनचे आकडे आहेत. अमुक रंग, अमुक सीट आणि अमुक अ‍ॅक्सल अशा जोड्यांचे शेव्हरोलेचे आकडे मिळत नाहीत. मग विक्रेते टक्केवारीचा गुणाकार करून ‘जगात फक्त चार’ असं छापतात. हा गुणाकारच चुकीचा, कारण ऑप्शन एकमेकांना बांधलेले असतात: झेड२८ ला ऑटोमॅटिक मिळतच नव्हता आणि पुढे डिस्क ब्रेक घ्यावेच लागत. फोर्डच्या अहवालातले आकडे खऱ्या नोंदीतून मोजलेले असतात, पण दहा गोष्टी जोडल्या की कुठलीही मस्टँग ‘एकमेव’ ठरते. इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी एवढ्यांचाच आकडा विचारा. डीलरने नंतर बसवलेली वस्तू यांपैकी कशातच नसते, तिच्यासाठी डीलरचं त्या वेळचं बिल हवं.