कृष्णविवराच्या सावलीवरून त्याचे वस्तुमान कसे काढावे

‘इव्हेंट होरायझन टेलिस्कोप’ने (जगभरच्या रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने) एप्रिल २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेले एम ८७ दीर्घिकेतील कृष्णविवराचे चित्र समोर घ्यावे. मधला काळा भाग म्हणजे घटना क्षितिज (ज्याच्या आतून प्रकाशही बाहेर पडू शकत नाही ती सीमा) नव्हे, हे आधी ध्यानात ठेवावे. गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वाकत असल्यामुळे ही सावली क्षितिजाच्या अडीचपटीहून थोडी अधिक रुंद दिसते.

सावलीभोवतीच्या तेजस्वी कड्याचा कोनीय व्यास ४२ मायक्रो-आर्कसेकंद आहे (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग, आणि मायक्रो म्हणजे त्याचाही दहा लाखावा). त्याला ११ने भागावे (हा भाजक संगणकीय प्रतिरूपांवरून ठरवलेला आहे), म्हणजे सुमारे ३.८ उरतात. हा कोन रेडियनमध्ये बदलून साडेपाच कोटी प्रकाशवर्षांच्या अंतराने गुणला, की सुमारे ९६० कोटी किलोमीटर ही लांबी मिळते; ती वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते. सूर्याच्या वस्तुमानासाठी हीच लांबी जेमतेम १.४८ किलोमीटर असल्याने भागाकार करताच ६५० कोटी सूर्यांइतके वस्तुमान हाती येते. अंतर चुकले, तर उत्तरही त्याच प्रमाणात चुकते.

कृष्णविवराच्या परिवलनाबाबत (स्वतःभोवती फिरण्याबाबत) मात्र निष्कर्षाची घाई करू नये, कारण त्यामुळे सावलीचा आकार फार तर काही टक्क्यांनीच बदलतो. कड्याची दक्षिण बाजू अधिक उजळ आहे ती तिथला वायू प्रचंड वेगाने आपल्याकडे येत असल्यामुळे. त्यावरून फिरण्याची दिशा कळते, वेग नव्हे.

आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवराला हीच रीत उलटी लावावी. तिथले सुमारे ४० लाख सूर्यांचे वस्तुमान ताऱ्यांच्या कक्षांवरून आधीच ठाऊक असल्याने कडे किती रुंद दिसायला हवे ते आधीच काढता येते; म्हणून २०२२ मध्ये जाहीर झालेला सुमारे ५२ मायक्रो-आर्कसेकंदांचा व्यास ही थेट सापेक्षता सिद्धान्ताचीच परीक्षा ठरते.