काढणे, लावणे, विझणे: घरकामासाठी इंग्रजी फ्रेजल व्हर्ब कसे निवडावे

फ्रेजल व्हर्बची, म्हणजे क्रियापदाला ऑफ, आउट, इन असा छोटा शब्द जोडून होणाऱ्या शब्दप्रयोगांची, यादी पाठ करूनही ऐन वेळी योग्य शब्द सुचत नाही, कारण यादीत अर्थ असतो, प्रसंग नसतो. सोलापुरात घरात मराठी आणि शेजारी कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्यांना प्रसंगानुसार भाषा बदलण्याची सवय असतेच. तीच येथे उपयोगी पडते.

प्रथम गोष्ट आपोआप घडली की कोणी केली, हे ठरवावे. मराठी हा भेद क्रियापदातच दाखवते. लाइट गेल्यावर लावलेली मेणबत्ती वाऱ्याने विझली, तर ‘द कँडल हॅज गॉन आउट’ म्हणावे. आपण फुंकून विझवली, तर ‘आय ब्ल्यू इट आउट’. आग विझवण्यासाठी ‘पुट आउट’ योग्य आहे, पण शेगडी बंद करण्यासाठी ‘टर्न ऑफ’च वापरावे. ज्वारीचे पीठ संपले, तर ‘वी हॅव रन आउट ऑफ जवार फ्लाउर’. शेंगाचटणी कोणी खाऊन संपवली असेल, तर ‘समबडी हॅज फिनिश्ड ऑफ द चटणी’, आणि या वाक्यातली तक्रार ऐकणाऱ्याला बरोबर कळते.

खरी कसोटी ‘काढणे’ या क्रियापदाची आहे. चपला काढणे म्हणजे ‘टेक ऑफ’, कपाटातून चादर काढणे म्हणजे ‘टेक आउट’, दोरीवरचे वाळलेले कपडे काढून घरात आणणे म्हणजे ‘ब्रिंग इन’, तर चादरीवरचा हळदीचा डाग काढणे म्हणजे ‘गेट आउट’. म्हणून वस्तू आधी कोठे होती, अंगावर, आत की बाहेर, हे पाहून मगच ऑफ, आउट किंवा इन निवडावे. ‘लावणे’चेही तसेच आहे: पंखा लावताना ‘टर्न ऑन’, मात्र रात्री दारे-खिडक्या बंद करून कुलूप लावताना ‘लॉक अप’.

उजनी धरणाचे पाणी रोज येत नसल्याने नळाविषयीची वाक्ये सोलापुरात वारंवार लागतात. खंडानंतर पाणी आले, तर ‘द वॉटर इज बॅक ऑन’ म्हणावे, आणि टाकी भरण्यासाठी ‘फिल अप’ वापरावे. ‘स्विच ऑफ’ मोटारीसारख्या विजेच्या उपकरणापुरतेच ठेवावे. नळाला ‘टर्न ऑफ’ लागते. दोन्हींऐवजी ‘क्लोज’ म्हणण्याची आपल्याकडची सवय समजून घेतली जाते, पण ती टाळलेली बरी.

शब्दांच्या क्रमाचा एकच नियम कटाक्षाने पाळावा. ‘टर्न ऑफ द फॅन’ आणि ‘टर्न द फॅन ऑफ’ ही दोन्ही रूपे चालतात. परंतु पंख्याऐवजी ‘इट’ आले की ते मध्येच बसते, म्हणजे ‘टर्न इट ऑफ’. ‘लूक आफ्टर’ मात्र असे तुटत नाही, त्यामुळे आजीची काळजी घेण्याविषयी ‘लूक आफ्टर हर’ असेच म्हणावे.

‘गो ऑफ’बाबत विशेष सावध राहावे: गजर वाजला तरी ‘गो ऑफ’, लाइट गेली तरी ‘गो ऑफ’ आणि मे महिन्याच्या उन्हाळ्यात दूध नासले तरी, ब्रिटिश पद्धतीने, ‘गो ऑफ’च. अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकाला दुधाविषयी सांगायचे असल्यास ‘गो बॅड’ म्हणावे.