दिल्ली ते काठमांडू विमानाने: अंतर किती, वेळ किती आणि हिशोब कसा लावायचा

पशुपतिनाथला जायचं ठरलं की आपल्याकडचे बरेच जण मुंबई-पुण्याहून आधी दिल्ली गाठतात आणि तिथून काठमांडूची फ्लाइट घेतात. सरळ रेषेत हे अंतर साधारण ८१५ किलोमीटर. विमान ताशी ८०० च्या आसपास उडतं म्हणजे तासाभरात पोचू असं वाटतं, पण तिकिटावर पावणेदोन तासांच्या आसपास वेळ दिसेल, कारण गेट सोडल्यापासून रनवेपर्यंत जाणं, वर चढणं, खाली येणं हे सगळं त्यात धरलेलं असतं, शिवाय काठमांडूच्या चहूबाजूंनी डोंगर, त्यामुळे विमान बहुतेक वेळा दक्षिणेकडून वळसा घेऊन खोऱ्यात शिरतं. त्रिभुवन विमानतळाला रनवे एकच आहे, गर्दी असली की वर घिरट्या घालत थांबावं लागतं. आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळी दोन्हीकडे धुकं, म्हणून त्या दिवसांत दुपारची फ्लाइट बघा.

आता महत्त्वाचं. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे आहे आणि तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या शहराची असते. समजा दिल्लीहून १ वाजता सुटून काठमांडूला ३ ला पोचणार असं लिहिलंय, तर २ तासांतून १५ मिनिटं वजा करा, खरा प्रवास पावणेदोन तास. येताना उलटं करायचं, काठमांडूहून ४ ला सुटून दिल्लीला ५:४० ला पोचणार असेल तर १ तास ४० मध्ये १५ मिळवा, म्हणजे १ तास ५५ मिनिटं. येताना वेळ कमी दिसतो पण खरं तर हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारा जोरदार वारा समोरून लागतो, त्यामुळे जास्तच लागू शकतो.

पण प्लॅन करताना नुसते पावणेदोन तास धरूच नका! दिल्लीला ३ तास आधी पोचा, ही इंटरनॅशनल फ्लाइट आहे, इमिग्रेशन लागतं. उतरल्यावर परत इमिग्रेशन, बॅगा, टॅक्सी, म्हणजे दिल्लीतल्या हॉटेलपासून काठमांडूतल्या हॉटेलपर्यंत ७ तास आरामात जातात. परतीला दिल्लीहून पुढची मुंबई-पुणे फ्लाइट वेगळ्या तिकिटावर असेल तर मध्ये किमान ४ तास ठेवा.

व्हिसा लागत नाही, पण १५ ते ६५ वयाच्या माणसाला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार कार्ड हवंच, नुसत्या आधारवर विमानात बसू देत नाहीत, हे घरातल्या सगळ्यांचं आधीच तपासा.

सीट जाताना डावीकडची खिडकी घ्या, हवा स्वच्छ असेल तर उतरायच्या आधी बराच वेळ हिमालयाची रांग दिसत राहते. येताना उजवीकडची.