ट्यूब माइक घेताना या चुका टाळा

श्रावण लागला की सांगली-मिरजेकडे अभंग आणि आरत्यांच्या ध्वनिमुद्रणाची घाई सुरू होते आणि मला ठरावीक फोन येऊ लागतात. आवाजाला ऊब यावी म्हणून कोणता ट्यूब माइक, म्हणजे आत जुन्या रेडिओसारखी काचेची निर्वात नळी असलेला माइक, घ्यावा, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. गाणारा कोण आहे आणि खोली कशी आहे, हे मी विचारले की पलीकडचा माणूस थोडा नाराज होतो, कारण त्याला केवळ मॉडेलचे नाव हवे असते.

मुळात ट्यूब म्हणजे ऊब हे समीकरणच अर्धवट आहे. कॅप्सूलमधून, म्हणजे माइकच्या आवाज टिपणाऱ्या पातळ पडद्याच्या भागातून, निघणारा अत्यंत दुबळा विद्युतसंकेत पुढे केबलमधून जाऊ शकेल अशा रूपात आणणे, हे त्या ट्यूबचे मुख्य काम असते, आणि चांगल्या माइकमध्ये ती ते काम शक्य तितक्या स्वच्छपणे करते. माइकचा स्वभाव ठरवण्यात कॅप्सूल, ट्रान्सफॉर्मर आणि एकूण सर्किट यांचा वाटा फार मोठा असतो. नॉयमन या जर्मन कंपनीने १९६० मध्ये आणलेल्या यू ६७ या माइकचेच उदाहरण घ्या. त्याची के ६७ कॅप्सूल वरच्या पट्टीत जरा तीक्ष्ण आहे, परंतु ती तीक्ष्णता आतले सर्किट हिशेबाने खाली आणते. आज स्वस्तात मिळणाऱ्या अनेक ट्यूब माइकमध्ये कॅप्सूल त्याच धाटणीची असते आणि ही दुरुस्ती मात्र नसते. परिणामी उबेसाठी पैसे मोजलेल्या माणसाच्या पदरी ‘स’ आणि ‘श’ यांचा नुसता फुत्कार पडतो.

ज्या चुकीचा मला सर्वांत जास्त कंटाळा आला आहे, ती म्हणजे खोलीचा दोष माइक बदलून काढू पाहणे. सांगलीच्या गावभागातील एका तरुणाने वडिलांची नाट्यपदे ध्वनिमुद्रित करण्यासाठी हप्त्यांवर ट्यूब माइक घेतला आणि आठवड्याभरात मला बोलावून सांगितले, की माइक सदोष आहे, आवाज डब्यात गायल्यासारखा येतो. मी गेलो तेव्हा खोली पाहूनच निम्मा उलगडा झाला. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दहा फूट, खाली फरशी, वर स्लॅब आणि एका भिंतीला काचेचे कपाट होते. अशा चौकोनी ठोकळ्यात तिन्ही दिशांना सुमारे ५६ हर्ट्झ आणि त्याच्या पटीतल्या कंपनांना एकदम बळ मिळते, त्यामुळे खर्जातले काही स्वर उगाच फुगतात आणि काही बसून जातात. कोपऱ्यात उभे राहून मी टाळी वाजवली, तर पत्र्यावर वाटाणे सांडावेत तसा तिचा पडसाद आला. मुद्रणात पंख्याची घरघर होती, शेजारच्या कुकरच्या दोन शिट्ट्याही स्पष्ट ऐकू येत होत्या. माइक सदोष नव्हता, तो जे होते ते सगळे प्रामाणिकपणे टिपत होता.

त्या मुलाने फोम लावला होता, पण माइकच्या पाठीमागे. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा माइक पाठीमागचे फारसे ऐकत नाही. तो गायकाकडे आणि गायकाच्या मागच्या भिंतीकडे पाहत असतो. आईंकडून दोन जाड वाकळी मागून घेतल्या, त्या वडिलांच्या पाठीमागे दोरीवर टाकल्या, त्यांना “बुवा, घटकाभर पंखा बंद ठेवू या,” अशी विनंती केली आणि कार्यक्रमांसाठी घरात असलेला साधा डायनॅमिक माइक लावून तेच पद पुन्हा घेतले. ऐकल्यावर बुवांनी डोळे मिटूनच विचारले, “हा नवा का?” मुलगा काही बोलला नाही. पुढे त्याने पुस्तकांची कपाटे आणि गादी असलेल्या आतल्या खोलीत बस्तान हलवले आणि तिथे ट्यूब माइकही चांगला वाजला. खरेदीआधी दोन वाकळी टांगून पाहण्याइतका धीर मात्र आजवर मला क्वचितच कोणी दाखवला आहे.

विजेच्या बाबतीत स्वतःचीच फजिती सांगतो. अमेरिकेहून आणलेला एक माइक मी पॉवर सप्लायच्या पेटीची मागची बाजू न पाहता आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला जोडला. निवडीचे बटण ११५ वर होते, फ्यूज उडाला आणि केवळ म्हणूनच बाकीचे वाचले. तेव्हापासून अशी पेटी मी आधी उलटी करून पाहतो. ट्यूब माइक मिक्सरमधून माइकच्याच केबलने येणाऱ्या ४८ व्होल्ट फँटम पुरवठ्यावर चालत नाही, तो त्याच्या स्वतःच्या पेटीवर चालतो. सगळ्या केबल जोडल्यानंतरच पेटी सुरू करावी आणि काढताना ती बंद करून काही मिनिटे थांबावे. घुमणारी हम्म येत असेल, तर ट्यूबला दोष देण्याआधी घराचे अर्थिंग तपासून घ्यावे आणि साध्या इन्व्हर्टरवर मुद्रण करू नये.

सुरू केल्याबरोबर गायला उभे राहू नये, मी अर्धा तास देतो. माइक ओठांना चिकटवू नये, एक वीत अंतर पुरते, नाहीतर खालचा आवाज फुगतो. पॉप फिल्टर, म्हणजे ‘प’, ‘फ’ म्हणताना येणारी फुंकर अडवणारी जाळी, लावावा. जुन्या ट्यूबांच्या शोधात पैसे घालवू नयेत.

कृष्णाकाठच्या दमट हवेत पावसाळ्यात अचानक चरचर-फटफट सुरू झाली, की बहुतेक वेळा कॅप्सूलवर बसलेली ओल कारणीभूत असते. माइक कोरडा झाला की हा त्रास सहसा जातो. मी माइक बंद डब्यात सिलिका जेलच्या निळ्या खड्यांसोबत ठेवतो आणि खडे गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा वापरतो.

निवड करताना गाणारी व्यक्ती सोबत हवीच. दोन माइक भाड्याने आणावेत, एकाच अभंगाची एकच ओळ मध्य सप्तकात आणि तार सप्तकात म्हणून घ्यावी आणि दोन्ही मुद्रणांचा आवाज सारख्या पातळीवर आणावा, कारण जे किंचित मोठे वाजते तेच कानाला चांगले वाटते. फाइलींना मी मुद्दाम नावे देत नाही. रात्रभर त्या फाइली बंद ठेवतो आणि सकाळी चहाच्या आधी ऐकतो.