मेथोट्रेक्सेट सुरू झालं, सांधे अजून तसेच: आमवाताचे पहिले तीन महिने

सकाळी मूठ वळत नाही, बोटांच्या मुळाशी दोन्ही हातांना सूज आहे, हात मोकळे व्हायला पाऊण-एक तास लागतो, आणि हे सहा आठवड्यांहून जास्त चाललंय. असं असेल तर तो आमवात (रूमेटॉइड आर्थ्रायटिस) असू शकतो, म्हणून संधिवाततज्ज्ञांना म्हणजे रूमेटॉलॉजिस्टना दाखवा. हाडांच्या डॉक्टरांकडे फक्त वेदनाशामकांवर महिने घालवू नका, कारण सांध्याची झीज पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच वेगाने होते. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात संधिवाताचा स्वतंत्र विभाग आहे. ठाण्याहून धीमी लोकल परळला थांबते. आमवातासाठीची आरए फॅक्टर ही रक्ततपासणी निगेटिव्ह आली म्हणजे आजार नाही असं नसतं. अँटी-सीसीपी (आमवाताची दुसरी रक्ततपासणी), ईएसआर व सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या चाचण्या) आणि सांध्यांची तपासणी मिळून निदान होतं. दोन-तीन महिन्यांत ताप येऊन गेला असेल तर तेही सांगा. ठाण्यात पावसाळ्यानंतर चिकनगुनिया असतो आणि त्याचे सांधे हुबेहूब असेच दुखतात.

बहुतेकांना पहिलं औषध मेथोट्रेक्सेट मिळतं. ते सुरू करण्याआधी रक्ताची मोजणी, यकृत आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी), कावीळ बी व सी आणि छातीचा एक्स-रे होतो.

हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी घटतात, जीवावर बेततं, आणि ही चूक घरात सहज होते. फॉलिट्रॅक्स हे मेथोट्रेक्सेट आणि फॉलव्हाइट हे फॉलिक ॲसिड. नावं जवळची, गोळ्या छोट्या आणि अनेकदा दोन्ही पिवळ्या. म्हणून दोन वेगळ्या डब्या करा आणि मेथोट्रेक्सेटच्या डबीवर वाराचं नाव मोठ्या अक्षरात लिहा. भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या वारावर आधीच खूण करून ठेवा आणि गोळी घेतली की ती खोडा. सासूबाई किंवा आई गोळ्या काढून देत असतील तर त्यांनाही हे समजावून सांगा. वार निवडताना उपासाचा टाळा, कारण रिकाम्या पोटी मळमळ वाढते. शनिवारी रात्री जेवणानंतर घेतली की रविवारचा सुस्तावा घरीच जातो. शनिवारचा उपास असेल तर शुक्रवार बघा. फॉलिक ॲसिड मेथोट्रेक्सेटच्या दिवशी सहसा देत नाहीत, पण चिठ्ठीत जो दिवस लिहिलाय तोच पाळा.

केमिस्टकडून नवी पट्टी आली की त्यावरचा मिलिग्रॅमचा आकडा वाचा. 2.5, 7.5, 10 आणि 15 असे आकडे असतात. पट्टी बदलली आणि गोळ्यांची संख्या तीच ठेवली, तर डोस चौपटही होऊ शकतो. एखादा आठवडा चुकला तर दोन दिवसांच्या आत आठवल्यास घ्या, नाहीतर सरळ पुढच्या वारालाच. दोन डोस एकत्र कधीच नाहीत.

परिणाम दिसायला 6 ते 12 आठवडे लागतात. औषध सोडणारे नेमके याच काळात सोडतात, आणि याच काळात "गॅरंटी"वाल्या पुड्या घरात येतात. नाव-घटक न लिहिलेल्या पुडीने चार दिवसांत सूज उतरली, तर त्यात स्टेरॉइड असण्याचा संशय घ्या. मेथोट्रेक्सेटचा गुण येईपर्यंतच्या या मधल्या काळासाठीच डॉक्टर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा लहान, मोजून दिलेला डोस काही आठवडे देतात. तो सकाळी नाश्त्यानंतर घ्यावा. मधुमेह असेल तर साखर अधिक वेळा मोजावी, आणि गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. चिठ्ठीत वेदनाशामक असताना वर कॉम्बिफ्लाम घेऊ नका. त्यातही आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक आहे, आणि दोन्ही मिळून मूत्रपिंडावर ताण येतो.

रक्ततपासणी पहिले तीन महिने दर 2 ते 4 आठवड्यांनी करायची असते. बरं वाटतंय म्हणून ती टाळू नका. एसजीपीटी (यकृताची चाचणी) वाढलं तरी आपल्याला काहीच जाणवत नाही. दारू बंद ठेवा. सिगारेटने आजारही चिघळतो आणि औषधाचा गुणही कमी येतो. मूल हवं असेल तर गोळी सुरू करण्याआधीच बोला. स्त्रियांनी औषध आधी थांबवून तीनेक महिने जाऊ द्यावे लागतात.

ताप आला, जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर त्या आठवड्याची गोळी थांबवून डॉक्टरांना फोन करा. शरीरातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंड हे औषध बाहेर टाकू शकत नाही आणि ते साठत जातं. तोंडात फोड, कोरडा खोकला, दम लागणं किंवा उगाच काळेनिळे डाग दिसले तर त्याच दिवशी दाखवा. इतर कुठल्याही दवाखान्यात "मेथोट्रेक्सेट चालू आहे" हे आधी सांगा. सेप्ट्रानसारखं (को-ट्रायमॉक्साझोल) प्रतिजैविक त्याच्यासोबत धोक्याचं ठरतं.

आता हातांचं. सकाळी कोमट पाण्याच्या टोपात दहा मिनिटं हात बुडवा. पाण्यातच सावकाश मूठ वळा, बोटं फाकवा, प्रत्येक बोट अंगठ्याला लावा, हे पाच-पाच वेळा. सांधा लाल, गरम आणि फुगलेला असेल तर शेक नको. टॉवेलात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं ठेवा आणि त्या दिवशी जोर देऊ नका.

फडकं पिळू नका. नळाभोवती वळसा घालून दोन्ही टोकं तळव्यांनी ओढा. पातेलं दोन्ही तळव्यांवर उचला, बोटांच्या चिमटीत नाही. कणीक मळणं आणि भाकरी थापणं सूज असेपर्यंत घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या, त्यात कमीपणा नाही. लाटण्याला जुना रुमाल गुंडाळून जाड करा, म्हणजे मूठ घट्ट आवळावी लागत नाही.

ठाणे-वाशी गाडीत डब्यातली कडी बोटांनी लटकून धरू नका, खांबाला कोपराचा विळखा घाला. बॅग खांद्यावरून तिरकी किंवा पाठीवर घ्या. जमत असेल तर कामाची वेळ तासभर उशिराची मागून घ्या. आखडलेपणा ओसरल्यावर निघालं तर गर्दीतला धक्काही कमी बोचतो.

दही, टोमॅटो, वांगं, पावटा "वातूळ" म्हणून सगळं बंद करण्याची गरज नाही. ताटातलं इतकं काढलं तर प्रथिनंच कमी पडतात. एखादा पदार्थ खाऊन तुमची सूज खरंच वाढते असं दोन-तीनदा दिसलं, तर तेवढा सोडा.

एका वहीत रोज दोनच गोष्टी लिहा: सकाळी हात मोकळे व्हायला किती मिनिटं लागली आणि किती सांधे सुजले होते. तीन महिन्यांनी आकडा फारसा उतरला नसेल तर डोस वाढवणं, इंजेक्शनने देणं किंवा दुसरं औषध जोडणं हे सगळे पर्याय असतात, आणि ते मागायला ही वही उपयोगी पडते. सोबत गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्याही न्या.