कमांड लाइनवर सी प्रोग्रॅम कंपाइल करताना या चुका टाळा

जीसीसी या सी कंपाइल करणाऱ्या साधनाला आपण एकच कमांड देतो, पण तिच्यामागे आधी कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा) आणि मग लिंकर (तयार तुकडे व लायब्ररी जोडून प्रोग्रॅम बनवणारा) अशा दोघांचे काम चालते. नवशिक्यांच्या बहुतेक अडचणी हे लक्षात न घेतल्यामुळे उद्भवतात.

‘अनडिफाइन्ड रेफरन्स’, म्हणजे वापरलेल्या फंक्शनचा प्रत्यक्ष कोड सापडला नाही, हा संदेश लिंकरचा असतो. तो दिसल्यावर हेडर फाइलच्या ओळी खालीवर करून काहीही साधत नाही, कारण हेडरमध्ये फंक्शनची केवळ घोषणा असते. लिनक्सवर वर्गमूळ काढणारे फंक्शन १६ सारख्या स्थिर संख्येवर चालते आणि व्हेरिएबल देताच अडते, कारण स्थिर संख्येचे उत्तर कंपायलर स्वतःच काढून ठेवतो. अशा वेळी गणिताची लायब्ररी जोडणारे ‘डॅश-एलएम’ मी नेहमी कमांडच्या शेवटी, सोर्स फाइलींच्या नंतर लिहितो.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे जुन्या ऑब्जेक्ट फाइली, म्हणजे प्रत्येक सोर्स फाइल कंपाइल होऊन बनलेले तुकडे, तशाच वापरणे. एका विद्यार्थ्याच्या निकालपत्रकाच्या प्रोग्रॅममध्ये गुणांच्या रकान्यात हजेरीचे दिवस छापले जात होते. त्याने हेडरमधील स्ट्रक्चरमध्ये (एकत्र ठेवलेल्या माहितीच्या गटात) गुणांच्या आधी हजेरीचा नवा सदस्य घातला होता आणि वेळ वाचवण्यासाठी फक्त मुख्य फाइल पुन्हा कंपाइल केली होती. छपाईच्या फाइलीचे जुने ऑब्जेक्ट स्ट्रक्चरचा पहिला सदस्य म्हणजे गुण, असेच धरून चालले होते. सी मध्ये लिंकर नावे जुळवतो, स्ट्रक्चरची रचना तपासत नाही, त्यामुळे एकही इशारा आला नाही. दुपारभर आम्ही निर्दोष कोड ओळीओळीने तपासत बसलो. हेडर बदलले की मी सर्व ऑब्जेक्ट फाइली पुसून संपूर्ण प्रोग्रॅम नव्याने बांधतो. मेकफाइलमध्ये (प्रोग्रॅम कसा बांधायचा हे सांगणाऱ्या फाइलीत) कोणती फाइल कोणत्या हेडरवर अवलंबून आहे हे नीट लिहिलेले असेल, तरच ही सवय सोडण्यास हरकत नाही. छोट्या प्रोग्रॅममध्ये दोन सेकंद वाचवण्यासाठी हा धोका पत्करणे मला मुळीच पटत नाही.

इशाऱ्यांकडे दुर्लक्ष करणे हीदेखील अधीरतेचीच खूण आहे. घोषणा न केलेले फंक्शन वापरण्याची मुभा सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणकाने काढून घेतली, तरी जीसीसी वर्षानुवर्षे केवळ इशारा देत राहिला. २०२४ मध्ये आलेल्या चौदाव्या आवृत्तीपासून मात्र तो थेट चूक दाखवून थांबतो. ‘डॅश-वॉल’ आणि ‘डॅश-डब्ल्यूएक्स्ट्रा’ हे जास्तीचे इशारे दाखवणारे पर्याय लावल्याशिवाय मी कुणाचाही कोड तपासायला घेत नाही.

पडदाभर चुका आल्या, तर फक्त पहिली दुरुस्त करून पुन्हा कंपाइल करावे. निसटलेला एक अर्धविराम पुढच्या अनेक ओळींवर खोट्या चुका दाखवतो. तयार प्रोग्रॅमच्या फाइलीचे नाव सांगणाऱ्या ‘डॅश-ओ’ नंतर चुकून दुसऱ्याच सोर्स फाइलीचे नाव लिहिले, तर ती फाइल नष्ट होते, म्हणून एंटर दाबण्याआधी तेवढे नाव पुन्हा वाचावे. प्रोग्रॅमला ‘टेस्ट’ हे नाव देऊ नये, कारण त्या नावाची आज्ञा शेलमध्ये (आपण टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) आधीपासूनच असते आणि नुसते नाव टाइप केल्यास आपला प्रोग्रॅम चालतच नाही.