सॅम्पल फ्लॅट बघायच्या आधी किंमत विचारा

पुण्यात वाकड, रावेत, बाणेर, कुठल्याही साइटवर जा, आधी सॅम्पल फ्लॅट दाखवतात, मग चहा, मग एसीत बसवून कॉस्ट शीट. हा क्रम उलटा करा एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

स्टॅनफर्डचे न्यूरोसायंटिस्ट ब्रायन नटसन यांनी २००७ मध्ये लोकांना खरे पैसे देऊन एमआरआय स्कॅनरमध्ये झोपवलं आणि शॉपिंग करायला लावलं, ४ सेकंद वस्तू, मग ४ सेकंद किंमत, मग घ्यायचं की नाही ते सांगायचं. वस्तू आवडली की मेंदूत खोलवर असलेला न्यूक्लियस अक्युम्बन्स जागा व्हायचा, किंमत अवाच्या सवा वाटली की इन्सुला नावाचा दुसरा भाग. बटण दाबायच्या आधीच माणूस घेणार का याचा थोडाफार अंदाज यायचा! (इन्सुला जागा झाला म्हणजे दुःखच झालं असं मात्र समजू नका, तो भाग इतर बऱ्याच कामांत असतो.)

मग २०१५ मध्ये उमा करमरकर, बाबा शिव आणि नटसन या संशोधकांनी क्रमच बदलून बघितला. वस्तू आधी दिसली तर मन विचारतं 'आवडलं का', किंमत आधी दिसली तर 'एवढे पैसे द्यायच्या लायकीचं आहे का'. घरासाठी मला यातला दुसराच प्रश्न हवा.

म्हणून बिल्डरच्या ऑफिसकडून फोनवरच ऑल इन्क्लुझिव्ह, म्हणजे सगळे खर्च धरून आकडा घ्या, नुसता बेस रेट नको. पुण्यात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, बाईच्या एकटीच्या नावावर असेल तर ६, रजिस्ट्रेशन जास्तीत जास्त ३० हजार, काम चालू असलेल्या बिल्डिंगला साधारण ५ टक्के जीएसटी, वर पार्किंग आणि मेंटेनन्स वेगळं. ते देत नसतील तर आपणच बेरीज करायची, महिन्याचा हप्ता काढायचा आणि दोन्ही आकडे कागदावर मोठे लिहून तो कागद हातात धरूनच फ्लॅट बघायचा, म्हणजे बाल्कनीतून टेकडी दिसली तरी हप्ता डोळ्यासमोर राहतो. कार्पेट एरिया (घराच्या आतली वापरायची जागा) महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या वेबसाइटवर बघून जा, सॅम्पलमधलं फर्निचर तुम्हाला मिळणार नाहीये हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा.

आणि आज टोकन (बुकिंगची आगाऊ रक्कम) दिलं तर दोन लाख कमी असं म्हणाले तर ती ऑफर ईमेलवर मागा, पैसे त्या दिवशी द्यायचेच नाहीत, आईबाबा कितीही खूश असले तरी.